खेळायला कोण कोण आहे?

संध्याकाळी आठवी-नववीतल्या मुलाला ‘जा, जरा खाली खेळून ये’ म्हटलं की तो आधी गॅलरीतून वाकून पाहतो. ओळखीची दोन-तीन डोकी दिसली, तर पायात काय आहे हेही न बघता जिना उतरतो. नाही दिसली तर पुन्हा सोफ्यावर आडवा. घरच्यांचं निदान तयार असतं: आळशी झालाय, मोबाइलनं वाट लावली. पण त्यानं गॅलरीतून पाहिलं काय? कोण कोण आलंय, एवढंच. मैदान, हवा, स्वतःची तब्येत हे विषय त्याच्या डोक्यातही नव्हते.

या विषयावरचं जे संशोधन वाचनात आलं, त्यातून मला एक गोष्ट पक्की पटली आहे. या वयात शरीर हलतं ते माणसांमुळे. काही माणसं घरची, काही बरोबरीची. दोघांची कामं वेगळी असतात. आईवडील मित्राचं काम करायला जातात आणि स्वतःचं काम राहून जातं, असं बऱ्याच घरांत दिसतं.

आधी आकडे पाहू. ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटं तरी धाप लागेल, घाम येईल अशी हालचाल करावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. संघटनेच्या संशोधकांनी १४६ देशांतल्या ११ ते १७ वयोगटातल्या सुमारे १६ लाख विद्यार्थ्यांची माहिती एकत्र केली. ती २०१९ च्या अखेरीस प्रसिद्ध झाली. २०१६ साली जगातली ८१ टक्के शाळकरी किशोर मुलं या एका तासापर्यंत पोचत नव्हती. मुलग्यांत हे प्रमाण ७८ टक्के होतं, मुलींत ८५ टक्के. भारताचा आकडा साधारण ७४ टक्के, म्हणजे जगाच्या तुलनेत जरा बरा.

आपण बरे का, याची दोन संभाव्य कारणं त्याच संशोधकांनी दिली, आणि ती वाचून हसावं की रडावं कळत नाही. मुलग्यांच्या बाबतीत गल्लीबोळात, कोचशिवाय, फीशिवाय चालणारं क्रिकेट. मुलींच्या बाबतीत घरकाम. म्हणजे भावानं स्टंपच्या जागी विटा रचल्या म्हणून तो सक्रिय, आणि बहिणीनं पाणी भरलं, केर काढला, भांडी घासली म्हणून तीही सक्रिय. मिनिटं मोजणाऱ्या तक्त्यात दोघांचा घाम एकाच रकान्यात जातो.

मोबाइलचा मुद्दा इथेच उरकून टाकू. अमेरिकेत १९९१ साली जन्मलेल्या हजारावर मुलांचा दीर्घकाळ पाठपुरावा झाला आणि त्यांची हालचाल यंत्राने मोजली गेली. नवव्या वर्षी ही मुलं दिवसाला सुमारे तीन तास चांगली हालचाल करत होती. पंधराव्या वर्षी शाळेच्या दिवशी ४९ मिनिटं उरली आणि सुटीच्या दिवशी ३५. ही मुलं पंधरा वर्षांची झाली तेव्हा पहिला आयफोनही बाजारात यायचा होता. पडद्यानं नंतर भर घातली असेल, पण घसरण त्याआधीचीच आहे. मला त्याहून बोलका वाटतो तो सुटीचा आकडा. मोकळा वेळ जास्त, तरी हालचाल कमी. शाळेच्या दिवशी निदान बरोबरीची पोरं आयती भेटतात. रविवारी त्यांना गोळा करावं लागतं. हा माझा अर्थ आहे, त्या संशोधकांचा नव्हे.

‘आमचा तर काडीपैलवान आहे, त्याला कशाला व्यायाम’ म्हणणाऱ्यांसाठी पुण्याचं एक उदाहरण आठवतं. केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये दोघांचा फोटो छापला. दोघांचंही उंचीच्या प्रमाणातलं वजन अगदी सारखं, निर्देशांक २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. आपल्याकडच्या बारीक अंगातही चरबी लपलेली असते आणि स्नायू कमी असतात. स्नायू आणि हाडं कमवायचा सगळ्यात चांगला काळ म्हणजे नेमका हाच, दहावीच्या नावानं आपण बैठकीला बांधून टाकतो तो.

आता घर. अमेरिकेतलं फ्रेमिंगहॅम हे गाव १९४८ पासून चाललेल्या हृदयविकाराच्या अभ्यासासाठी प्रसिद्ध आहे. तिथल्याच कुटुंबांतल्या चार ते सात वर्षांच्या मुलांवरचा एक निष्कर्ष १९९१ साली आला. आई हालतीफिरती असेल तर मूल सक्रिय असण्याची शक्यता दुप्पट, वडील असतील तर साडेतीनपट आणि दोघंही असतील तर जवळजवळ सहापट. पालकांना उपदेश करताना हा आकडा हमखास वापरता येईल असा आहे. पण ती मुलं बालवाडी-पहिलीच्या वयाची होती. त्या वयात बाबा पळाले की पोरगं मागे पळतंच.

तेरा-चौदाव्या वर्षी बाबा पळाले तर पोरगं दुसऱ्या दिशेला तोंड फिरवतं, न जाणो कुणी ओळखीचं बघेल! मुलं आणि किशोर यांच्यावरच्या शंभराहून अधिक अभ्यासांचा एक एकत्रित आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. पालक स्वतः किती व्यायाम करतात, याचा मुलांच्या हालचालीशी संबंध लागतो, पण तो क्षीण. पालक मुलाला किती आधार देतात, याचा संबंध त्याच्या दुपटीहून बळकट. अर्थात हे नातं दोन्ही बाजूंनी वाहतं. जो मुळात खेळतो त्यालाच घरचे बूट आणून देतात. तरीही वडिलांनी पहाटे उठून सूर्यनमस्कार घालणं आणि ते घालताना मुलाच्या खोलीचं दार मुद्दाम उघडं ठेवणं याचा या वयात फारसा उपयोग होत नाही, एवढं समजायला हरकत नाही.

आधार म्हणजे काय, हे मराठी घरात फार साध्या गोष्टींवर ठरतं. सायकल पंक्चर असेल तर ती आजच काढून आणायची की पुढच्या रविवारी. पाय वाढत्या वयात बूट सहा महिन्यांत लहान होतात, तेव्हा ‘आत्ताच तर घेतले’ म्हणायचं की नाही. मॅच लांबली तर ताट झाकून ठेवायचं की दारातच उलटतपासणी घ्यायची. क्लासची साडेपाचची बॅच घ्यायची की सातची. यातल्या एकाही गोष्टीत पालकाला स्वतः चेंडू हातात घ्यावा लागत नाही. वाट मोकळी करून बाजूला होणं एवढंच काम, पण ते रोजचं असतं आणि त्याचं कौतुक कुणी करत नाही.

नुकसान मात्र एका वाक्यात करता येतं. ‘किती सुटलायस, जरा पळ.’ जेवणाच्या ताटावर, पाहुण्यांसमोर, आत्या-मावशीच्या साक्षीनं म्हटलेलं हे वाक्य बोलणाऱ्याला प्रोत्साहन वाटतं. अमेरिकेत पाचवी ते आठवीच्या मुलांचा एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. खेळताना, व्यायाम करताना वजनावरून टोमणे ऐकणाऱ्या मुलांना खेळात कमी गोडी वाटते, असं त्यात आढळलं. जो जाड म्हणून हिणवला जातो त्याच्यासाठी मैदान हे सगळ्यांसमोर धापा टाकण्याचं ठिकाण होतं. तिथे तो स्वखुशीनं कशाला जाईल?

घरातल्याच एका माणसाकडे संशोधकांचं लक्ष जरा उशिरा गेलं: मोठं भावंड. ते घरचंही असतं आणि जवळपास बरोबरीचंही. वांद्र्याच्या साहित्य सहवासात दिवसभर मस्ती करणाऱ्या सचिन तेंडुलकरला १९८४ साली शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकरांकडे नेलं ते मोठ्या भावानं, अजितनं. पुढे शाळा बदलली, रोजची बसची दगदग झेपेना, तेव्हा मुलाला शिवाजी पार्कजवळ राहणाऱ्या काका-काकूंकडे ठेवायचं ठरलं. वडील मराठीचे प्राध्यापक, कवी. त्यांनी बॅट धरायला शिकवलं नाही, वाट दिली. सांगलीच्या स्मृती मानधनाचा भाऊ श्रवण महाराष्ट्राच्या सोळा वर्षांखालच्या संघातून खेळायचा, त्याच्यामागून ती मैदानावर गेली. वरच्या पातळीवरच्या खेळाडूंमध्ये धाकट्या भावंडांचं प्रमाण जास्त दिसतं, असं ऑस्ट्रेलिया आणि कॅनडातल्या खेळाडूंच्या अभ्यासातही आढळलं आहे. धाकट्याला घरातच आपल्याहून वरचढ भिडू मिळतो. एकुलत्या एकांच्या आजच्या घरात ही सोय राहिली नाही, आणि तिच्या जागी आलेली अकादमी महिन्याला फी घेते. चुलतभावंडं एका वाड्यात असण्याचे तोटे पुष्कळ होते, पण क्रिकेटची टीम घरातच होती हे मान्य करायला हवं.

आता मित्र. किशोरवयात मित्रांच्या हजेरीनं माणूस बदलतो, हे आपल्याला प्रयोगाशिवायही ठाऊक असतं, पण प्रयोगही झालेला आहे. मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि त्यांच्या सहकारी मार्गो गार्डनर यांनी २००५ साली तीन वयोगटांतल्या लोकांना गाडी चालवण्याचा संगणकी खेळ दिला. काहींना एकट्याला, काहींना मित्र शेजारी बसलेले असताना. मित्रांसमोर किशोरांनी कितीतरी जास्त धोके पत्करले. चोविशीपुढच्यांना शेजारी कोण आहे यानं काही फरक पडला नाही. पुढे मेंदूचं चित्रण करून पाहिलं, तेव्हा मित्र बघताहेत एवढ्यानंच किशोरांच्या मेंदूतली बक्षिसाची केंद्रं अधिक चेतवली जात असल्याचं दिसलं. पालक हे वाचून बाइक आणि सिगारेट आठवतात. पण पहाटे चारला उठून सिंहगडाची पायवाट धरायला लावणारी ओढही हीच असते. घरी सात हाका मारूनही न उठणारा पोरगा मित्राच्या एका मिस्ड कॉलवर कसा उठतो, याचं उत्तर यात आहे.

मग प्रश्न येतो: खेळकर मुलं खेळकर मुलांशी मैत्री करतात, की मैत्री झाल्यावर खेळायला लागतात? ऑस्ट्रेलियातल्या शाळकरी मुलांच्या मैत्रीचं जाळं मांडून संशोधक कायला डे ला हे आणि सहकाऱ्यांनी २०११ साली याचं उत्तर शोधलं. दोन्ही घडतं. मुलं आपल्याइतकीच हालचाल करणारे मित्र निवडतात आणि मग हळूहळू त्यांच्यासारखी होतात. हे दुधारी आहे. टोळी टर्फवर जाणारी असेल तर तुमचा मुलगा खेळेल, टोळी कॅफेच्या पायरीवर बसणारी असेल तर तो बसेल. त्याला एकट्याला जिमचं सभासदत्व घेऊन देणं म्हणजे टोळी तशीच ठेवून एका मेंबरची बदली करू पाहणं. पहिल्या महिन्यानंतर तो जात का नाही, याचं कोडं मग घरच्यांना पडतं. उलट, वजनदार मुलांना मित्र सोबत असताना व्यायामाची इच्छा जास्त होते, असं अमेरिकेतल्या काही प्रयोगांत दिसलं आहे. हिणवणारा मित्र आणि बरोबर घेणारा मित्र यांत केवढं अंतर!

लहान मुलांच्या खेळात आपल्याकडे कच्च्या लिंबाची एक फार शहाणी सोय होती. ज्याला नीट पळता येत नाही, जो फार लहान आहे, तो खेळात असतो, पळतो, ओरडतो. आउट झाला तर धरत नाहीत. बाराव्या-तेराव्या वर्षी ही सोय संपते. आता दोन कॅप्टन समोरासमोर उभे राहतात आणि एकेक भिडू निवडतात. शेवटी एक उरतो. कुणी त्याला मागत नाही, तो ज्याच्या वाटणीला येईल त्याच्या. त्याला डीपला उभं करतात, बॅटिंग अकराव्या नंबरला, म्हणजे नाहीच. अशा चार संध्याकाळी काढल्या की पाचव्या संध्याकाळी त्याला अचानक पुष्कळ गृहपाठ असतो. आपल्या शाळांमधला पी.टी.चा तासही बहुधा चांगल्या खेळणाऱ्यांचाच असतो. उरलेल्यांनी कडेला बसून टाळ्या वाजवायच्या. मुलं खेळ सोडतात असं आपण म्हणतो. बऱ्याचदा खेळातून ती आधी बाहेर काढली गेलेली असतात आणि घरी हे कुणी सांगत नाही.

मुलींची गोष्ट यापासून वेगळी आहे, कारण तिथे मैत्रिणीपर्यंत पोचण्याआधीच उंबरठा येतो. पाळी सुरू झाली की सांगून, न सांगून नियम बदलतात. बाहेर जायचं तर काम हवं. नुसतं खेळणं हे काम नव्हे. शॉर्ट्सवर कोण बघेल, अंधार पडला तर काय, भावाचे मित्र काय म्हणतील. अमेरिकेत नऊ-दहा वर्षांच्या दोन हजारांहून अधिक मुलींचा अठरा-एकोणिसाव्या वर्षापर्यंत पाठपुरावा झाला. सोळा-सतरा वर्षांच्या होईपर्यंत त्यांतल्या ५६ टक्के कृष्णवर्णीय आणि ३१ टक्के गोऱ्या मुली फावल्या वेळात नियमित अशी कुठलीच हालचाल करत नव्हत्या. म्हणजे तिकडे परिस्थिती निराळी असूनही मुली थांबतातच. आपल्याकडे मात्र त्या थांबण्याला ‘आता मोठी झाली’ असं नाव आहे.

मुंबईतल्या एका वस्तीत ‘परिवर्तन’ नावाचा उपक्रम झाला. किशोरवयीन मुलींना कबड्डी शिकवायची, आणि शिकवणाऱ्या त्याच वस्तीतल्या अठरा ते चोवीस वर्षांच्या मुली. या मार्गदर्शक मुलींच्या मुलाखतींवर आधारलेला एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला, आणि तो मला आकड्यांच्या ढिगाहून मोलाचा वाटतो. या मुलींना दुसऱ्यांच्या लेकींना मैदानावर आणायचं होतं, पण त्यांना स्वतःलाच घराबाहेर पडायची पंचाईत. लोक काय म्हणतील हा धाक त्यांच्याही घरात होताच. त्यांनी त्यावर भांडणाचा मार्ग घेतला नाही. त्या घोळक्यानं राहू लागल्या, घोळक्यानं जाऊ-येऊ लागल्या. घरच्यांशी बोलत राहिल्या, त्यांचा विश्वास मिळवत गेल्या. लेक कुठे आहे, कुणाबरोबर आहे, हे आईवडिलांना कळत राहिलं आणि दोरी हळूहळू सैल झाली.

मुलग्यांसाठी घर आणि मित्र या दोन वेगळ्या शक्ती असतात. एक सोडते, दुसरी ओढते. मुलीच्या बाबतीत मैत्रिणी हीच घरची परवानगी असते. ‘मी जाऊ का?’ याचं उत्तर ठरलेलं असतं, ‘आम्ही पाचजणी जातोय, तिची आई पण हो म्हणाली’ यावर घर विचार करतं. कबड्डी, खो-खो हे सांघिक खेळ खेड्यापाड्यांतल्या मुलींमध्ये टिकले, त्यामागे कमी खर्चाइतकंच हेही कारण असावं. साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर आधी खो-खो खेळायची. नंतर ती धावू लागली आणि २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोचली. एकट्या मुलीनं माळरानावर पळत सुटणं गावाच्या डोळ्यांत सलतं. संघातून सुरुवात झाली की डोळे सरावतात.

शहरात याचं सगळ्यात गमतीदार उदाहरण म्हणजे ढोल-ताशा पथकं. पावसाळ्यात पुण्यात नदीकाठी, मोकळ्या मैदानांवर पथकांचा सराव सुरू होतो. कमरेला ढोल बांधून तास-दीड तास वाजवणं आणि मिरवणुकीत तो घेऊन चालणं हा चांगलाच जोरकस व्यायाम आहे; हात, खांदे, पाठ सगळं निघतं. कुणी त्याला व्यायाम म्हणत नाही, म्हणूनच तो होतो. संध्याकाळी सातला बॅडमिंटनला एकटी जाऊ नको म्हणणारं घर रात्री नऊपर्यंत सरावाला पाठवतं, कारण बाप्पाचं काम आहे, शेजारची ताई आहे, मामेभाऊ झेंडा नाचवतोय. आवाजाच्या पातळीबद्दल माझं मत प्रतिकूल आहे आणि ते तसंच राहील. पण सोळा वर्षांची मुलगी आठवड्यातले चार-पाच दिवस स्वखुशीनं घामाघूम होऊन घरी येते, तेव्हा त्यातलं नेमकं काय चाललं हे शाळेच्या क्रीडाशिक्षकांनी जाऊन बघण्यासारखं आहे. ओळखीची माणसं, घरच्यांची संमती, ठरलेली वेळ, निवडीत शेवटी कुणीच उरत नाही, आणि शेवटी सगळ्या गावासमोर वाजवायला मिळतं.

विसर्जनानंतर पथकं पांगतात आणि सहामाही येते. पुढचा अडसर तोच: नववी-दहावी. खेळ आवडणारी घरंही इथे कच खातात. दहावीला जिल्हा, विभाग, राज्य पातळीवर खेळलेल्यांना क्रीडागुण मिळतात, तेवढ्यापुरता खेळ ठेवायचा आणि प्रमाणपत्र हातात आलं की बंद. जो फक्त मजेसाठी खेळतो त्याला ते निमित्तही नाही. एका आईला मुलाला खेळायला सोडावंसं वाटलं तरी ती सोडत नाही, कारण बाकी सगळे साडेपाचच्या बॅचला गेलेत. आणि तिनं सोडलं तरी खाली खेळायला असतं कोण?

म्हणजे पालकांनाही बरोबरीच्यांचाच दबाव असतो. आइसलँडनं नव्वदच्या दशकाच्या शेवटी नेमकं हे ओळखलं. तिथला प्रश्न व्यायामाचा नव्हता, दारूचा होता. १९९८ साली १५-१६ वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्क्यांनी गेल्या महिन्यात दारू पिऊन झिंगल्याचं सांगितलं होतं. २०१६ पर्यंत हा आकडा ५ टक्क्यांवर आला. उपायांमध्ये क्लब, खेळ, संगीत यांना सरकारी पैसा होता, आणि रेक्याविकमध्ये या फीसाठी प्रत्येक मुलामागे अनुदानाचं कार्ड. पण त्याच्या जोडीला होते पालकांचे करार. शाळेतल्या मुलांचे आईवडील एकत्र बसून ठरवत की आपली मुलं किती वाजता घरी येतील, त्यांच्याबरोबर आपण वेळ कसा घालवू. ‘सगळ्यांना सोडतात, मलाच नाही’ हे वाक्य तिथे चालेनासं झालं.

आपल्याकडे प्रत्येक वर्गाच्या पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहेच. त्यावर सध्या प्रोजेक्टचा तक्ता आणि उद्याच्या डब्याचा विषय चालतो. एकाच सोसायटीतल्या चार घरांनी त्यावर क्लासवाल्या सरांना मिळून सांगितलं की आमच्या मुलांना सातची बॅच द्या, तर सर बॅच हलवतात. चौघांची फी एकदम जाणं त्यांनाही परवडत नाही. आणि साडेपाच ते सात या वेळात चार पोरं खाली असली, तर पाचवा गॅस बंद करायलाही न थांबता उतरतो, त्याला सांगावं लागत नाही. सोसायटीच्या गेटवरचा ‘येथे चेंडू खेळण्यास सक्त मनाई’ हा बोर्ड तेवढा पुढच्या वार्षिक सभेत काढावा लागेल, आणि त्यासाठी पार्किंगवाल्यांची मतं फोडावी लागतील.